माउंटन बाइकच्या रिम ब्रेकसाठी धातूचा हलका बूस्टर: गरज ओळखणे, घडवणे आणि बसवणे

रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर (रिमवर) दोन्ही बाजूंनी रबरी पॅड दाबणारा ब्रेक, असलेल्या एखाद्या जुन्या माउंटन बाइकच्या मागे उकिडवे बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी मागच्या ब्रेकचा लिव्हर पूर्ण जोराने दाबायला सांगावे. नजर चाकावर न ठेवता सीटखालून मागच्या ॲक्सलकडे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्यांवर, म्हणजे सीट-स्टेवर ठेवावी. पॅड रिमला टेकल्यानंतरही लिव्हर आत जात राहतो आणि त्याच वेळी या दोन्ही नळ्या बाहेरच्या बाजूला फाकतात, हे बऱ्याच सायकलींमध्ये उघड्या डोळ्यांना दिसते. लिव्हरच्या प्रवासातला काही भाग पॅड दाबण्याऐवजी फ्रेम ताणण्यात खर्च होतो आणि लिव्हर हाताला मऊ, स्पंजासारखा लागतो. हे फाकणे रोखण्यासाठी ब्रेकचे दोन्ही बॉस, म्हणजे ज्या खुंट्यांवर ब्रेकचे आर्म फिरतात ते खुंटे, नालेच्या आकाराच्या एका पट्टीने टायरवरून एकमेकांना जोडतात. या पट्टीला ब्रेक बूस्टर किंवा स्टिफनर म्हणतात. ती हलकी पण उपयोगी कशी करावी आणि नेमकी कशी बसवावी, हे इथे सांगतो. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीला तिचा काहीही उपयोग नाही. हे लेखन व्ही-ब्रेक (लांब, उभ्या आर्मचा ब्रेक), कँटिलिव्हर ब्रेक (त्याचाच आखूड आर्मचा जुना प्रकार) आणि बॉसवर बसणाऱ्या हायड्रॉलिक रिम ब्रेकपुरते आहे.

बूस्टरची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा धातूच्या नावावर येऊन थांबते: ॲल्युमिनियम की टायटॅनियम, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंपैकी ६०६१ क्रमांकाचा की ७०७५. ही चर्चा चुकीच्या जागी होते असे माझे ठाम मत आहे. ताठरपणा येतो तो पट्टीच्या रुंदीतून, कमानीच्या उंचीतून आणि बोल्टपाशी पट्टी किती नेमकी बसली आहे त्यातून. धातूचे नाव त्यानंतर येते.

बॉसवर किती जोर येतो

व्ही-ब्रेकचा हिशेब सोपा आहे. शिमानो कंपनीने १९९६ च्या सुमारास हे ब्रेक आणले आणि त्यांच्या लांब आर्ममुळे ब्रेकची ताकद वाढली, तसाच बॉसवरचा भारही लक्षात येण्याइतका झाला. उदाहरणादाखल असे धरू की बोटांनी लिव्हरवर १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका जोर लावला आणि लिव्हरने तो अडीच पट करून केबलमध्ये २५० न्यूटनचा ताण निर्माण केला. आर्मवर केबल बॉसपासून सुमारे १०७ मिमी उंचीवर पकडलेली असते आणि पॅड सुमारे २७ मिमी उंचीवर असतो. म्हणून पॅड रिमवर जवळजवळ चौपट, म्हणजे १००० न्यूटनने दाबला जातो. रिमही तितक्याच बळाने पॅडला बाहेर ढकलते. केबल आर्मला आत ओढते ती २५० न्यूटनने, आणि उरलेले ७५० न्यूटन पेलावे लागतात ते बॉसला. याचा अर्थ असा की प्रत्येक बॉसवर पाऊणशे किलो वजनाइतका जोर बाहेरच्या दिशेने येतो, आणि तो अशा नळीवर येतो जिची रचना मुळात सायकलस्वाराचे वजन लांबीच्या दिशेने पेलण्यासाठी केलेली असते.

या फाकण्याची किंमत लिव्हरपाशी किती मोजावी लागते, हेही त्याच मापांवरून काढता येते. बॉस १ मिमी बाहेर गेला आणि पॅड मात्र रिमला टेकून जागच्या जागी राहिला, तर आर्म कलतो आणि त्याचे वरचे टोक जवळजवळ ३ मिमी आत सरकते. दोन्ही बाजू धरल्या तर ६ मिमी केबल खर्ची पडते आणि बोटांखाली लिव्हरचा सुमारे दीड सेंटीमीटर प्रवास वाया जातो. ओल्या उतारावर, पॅड थोडे झिजलेले असताना, लिव्हर हँडलच्या मुठीला टेकतो तो बऱ्याचदा या दीड सेंटीमीटरमुळेच.

बूस्टरमुळे ब्रेकची ताकद वाढते, असे समजू नये. लिव्हर आणि आर्म यांचे गुणोत्तर तेच राहते, त्यामुळे तेवढ्याच जोराला पॅडचा दाबही तेवढाच मिळतो. फरक पडतो तो वाया जाणाऱ्या प्रवासात, लिव्हरच्या कडकपणात आणि पॅड रिमला सरळ टेकण्यात. नळ्या फाकतात तेव्हा बॉस थोडे पिळलेही जातात आणि पॅडचे एक टोक आधी घासू लागते, आणि यातून कर्कश आवाज आणि थरथर निर्माण होते. बूस्टर बॉसची मोकळी टोके धरून ठेवतो, त्यामुळे एका टोकाने बाहेर आलेला खुंटा दोन्ही टोकांना आधार असलेल्या खुंट्यासारखा वागू लागतो. माझ्या स्वतःच्या जुन्या स्टीलच्या फ्रेमवर मला सर्वांत आधी जाणवला तो याच कारणाने थांबलेला आवाज. लिव्हरचा फरक त्यानंतर लक्षात आला.

आधी खात्री करावी

लिव्हर मऊ लागतो म्हणजे फ्रेमच फाकते असे नाही. केबलच्या बाहेरची नळी दबणे, तिच्या टोकांना टोप्या नसणे, ती गरजेपेक्षा लांब असणे, पॅड झिजून वाकड्या कोनात टेकणे, आर्मचा बॉसवरचा खुळखुळा, आणि कँटिलिव्हरसाठी बनवलेला लिव्हर व्ही-ब्रेकला जोडलेला असणे, ही सगळी कारणे तोच अनुभव देतात आणि यांपैकी एकही बूस्टरने दुरुस्त होत नाही. म्हणून प्रथम केबल आणि तिची नळी नवी घालावी, पॅड सरळ बसवावेत आणि मगच मोजमापाला लागावे.

मोजण्यासाठी १५० मिमीचा साधा व्हर्निअर (जबड्यांमध्ये धरून बारीक अंतर मोजण्याचे साधन) पुरतो. दोन्ही बॉसच्या बोल्टच्या डोक्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर ब्रेक मोकळा असताना मोजावे, मग दुसऱ्या व्यक्तीला लिव्हर जोराने दाबून धरायला सांगून पुन्हा मोजावे. हे दोन-तीनदा करावे, कारण व्हर्निअरचे जबडे बोल्टच्या गोल कडेवर थोडे सरकतात. फरक १ मिमीच्या आत असेल तर बूस्टरचे वजन वागवण्यात अर्थ नाही, असे मी सांगेन. दोन मिमी किंवा अधिक असेल तर फरक नक्की जाणवेल. मधल्या आकड्यांवर प्रत्येकाने आपल्या वापरानुसार ठरवावे. ट्रायल्स प्रकारात चाक जागच्या जागी घट्ट धरून उड्या मारणारे सायकलस्वार मागुरा कंपनीच्या एचएस३३ सारख्या हायड्रॉलिक रिम ब्रेकवर एक मिमीसुद्धा सोडायला तयार नसतात आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

पुढच्या ब्रेकचेही असेच मोजावे, मात्र सस्पेन्शन फोर्क असेल तर त्याच्या खालच्या दोन नळ्यांना जोडणारी कमान बॉसच्या जवळच असते आणि ती बूस्टरचे बरेचसे काम आधीच करत असते. पुढे बूस्टर लागतो तो मुख्यतः साध्या, बिनसस्पेन्शनच्या फोर्कला किंवा अगदी बारीक कमानीच्या जुन्या फोर्कला.

धातू आणि आकार

धातूचा ताठरपणा मोजण्याचे माप म्हणजे त्याचा स्थितिस्थापकता गुणांक. ॲल्युमिनियमसाठी तो सुमारे ७०, टायटॅनियमसाठी सुमारे ११० आणि पोलादासाठी सुमारे २०५ गिगापास्कल असतो. घनता बघितली तर ॲल्युमिनियमची २.७, टायटॅनियमची ४.५ आणि पोलादाची ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की तिन्ही धातूंसाठी उत्तर २४ ते २६ च्या दरम्यानच येते. म्हणजे सारख्या रुंदीची पट्टी कोणत्याही धातूची करून जाडीने ताठरपणा जुळवला, तर वजन जवळजवळ सारखेच भरते. पोलादाची पट्टी ॲल्युमिनियमच्या एक-तृतीयांश जाडीची होईल, पण दीड-पावणेदोन मिमी जाडीचा तो पत्रा बाजूला पिळला जाईल आणि थरथरेल. ॲल्युमिनियमचा खरा फायदा इथे आहे: तेवढ्याच वजनात पट्टी जाड राहते, त्यामुळे ती आडवी पिळली जात नाही, आणि घरच्या हत्यारांनी ती कापता-कानसता येते.

मिश्रधातूच्या क्रमांकाबद्दलही एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ६०६१-टी६ (टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेली अवस्था) कायमचा वाकायला सुरुवात होते ती सुमारे २७५ मेगापास्कलला आणि ७०७५-टी६ सुमारे ५०० मेगापास्कलला, हे खरे आहे, पण ती मजबुती झाली. ताठरपणा दोघांचा जवळजवळ एकच असतो. बूस्टरमधला ताण साधारणपणे १०० मेगापास्कलच्या आसपासच राहतो, त्यामुळे ६०६१ पुरेसा असतो आणि तो गंजालाही जास्त टिकतो. या कामासाठी ७०७५ शोधत बसण्याची गरज नाही.

आता रुंदी. बॉस फाकतात तेव्हा पट्टी तिच्या स्वतःच्या पातळीत वाकते. अशा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. हा फरक आकड्यांत पाहावा. बॉसमधले अंतर ८० मिमी, कमानीची मध्यरेषेपर्यंतची उंची ९० मिमी आणि सगळीकडे २० मिमी रुंद, ५ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी धरली, तर ७५० न्यूटनचा सगळा भार एकट्या पट्टीवर आल्यास ती ढोबळमानाने ३.६ मिमी फाकेल. तिची जाडी पाव हिश्शाने वाढवून ६.२५ मिमी केली तर फाकणे २.९ मिमीवर येईल. त्याऐवजी रुंदी पाव हिश्शाने वाढवून २५ मिमी केली तर ते १.९ मिमीवर येईल. दोन्ही वेळा वाढलेले वजन मात्र तेवढेच.

प्रत्यक्षात फ्रेम आणि बूस्टर भार वाटून घेतात. एकटी फ्रेम या भाराखाली ३ मिमी फाकत असेल, तर २५ मिमी रुंदीच्या पट्टीसह ती जेमतेम १.२ मिमी फाकेल आणि लिव्हरच्या टोकाशी सव्वा सेंटीमीटरहून अधिक प्रवास परत मिळेल. उंचीचाही प्रभाव मोठा आहे: कमान गरजेपेक्षा १० मिमी उंच केली की पट्टीचा ताठरपणा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो. टायरला लागणार नाही इतकीच उंची ठेवावी, दिसायला भरदार वाटावी म्हणून वाढवू नये.

रुंदी सगळीकडे सारखी ठेवणेही आवश्यक नाही. वाकवणारा आघूर्ण, म्हणजे जोर आणि त्याचे अंतर यांच्या गुणाकाराने होणारा परिणाम, बोल्टपाशी शून्य असतो, पायांमधून वर जाताना वाढत जातो आणि टायरवरच्या आडव्या भागात सर्वांत जास्त, शिवाय सगळीकडे एकसारखा असतो. म्हणून पाय बोल्टपाशी १६ ते १८ मिमी रुंद ठेवून वर जाताना रुंद करत नेले आणि माथ्यावर पूर्ण २५ मिमी दिले तरी विशेष नुकसान होत नाही. याचा आणखी एक फायदा असा की टायरला जागा मिळते. बॉस एकमेकांपासून ८० मिमीवर आणि टायर २.१ इंची, म्हणजे सुमारे ५३ मिमी रुंद असेल, तर सरळ उभे आणि २५ मिमी रुंद पाय टायरला जवळजवळ चिकटतील. नालेचा आकार येतो तो याच अडचणीतून. पाय बॉसच्या वर थोडे बाहेर झुकवून पुन्हा माथ्याकडे आणले की चिखलालाही वाट राहते.

वजन कमी करण्यासाठी भोके पाडण्याची पद्धत योग्य आहे, पण भोके कुठे पाडावीत याला महत्त्व आहे. वाकणाऱ्या पट्टीत काम करतात त्या तिच्या दोन कडा. मधल्या रेषेवरचा धातू जवळजवळ रिकामा बसलेला असतो. २५ मिमी रुंद माथ्यावर बरोबर मध्यरेषेवर १० मिमीचे भोक पाडले, तर त्या ठिकाणचा ४० टक्के धातू निघून जातो आणि ताठरपणा मात्र फक्त साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटतो. याउलट कडेला अर्धगोल खाचा काढल्या तर रुंदीच कमी होते आणि घनाच्या हिशेबाने तोटा होतो. कडेला शोभेच्या खाचा असलेले बूस्टर मी म्हणूनच टाळतो. दोन भोकांमध्ये किमान ८ मिमी धातू सोडावा आणि बोल्टच्या भोकापासून १५ मिमीच्या आत काहीही कोरू नये. असा बूस्टर साधारण ६० ते ७५ ग्रॅमचा होतो. आणखी दहा ग्रॅम वाचवण्यासाठी रुंदी कमी करण्याचा मोह होईल, पण मग नुसतेच वजन सायकलीवर राहील.

तयार बूस्टर घ्यायचा असला तरी हीच कसोटी लावावी: माथा रुंद आहे का, भोके मध्यरेषेवर आहेत का, कमान टायरला पुरेल इतकीच उंच आहे का, आणि बोल्टची भोके गोल आहेत की लांबट.

साचा आणि कापकाम

सुरुवात जाड पुठ्ठ्याने करावी. चाक लावलेले, टायरमध्ये पूर्ण हवा आणि ब्रेक जोडलेला असताना दोन्ही बॉसच्या बोल्टच्या केंद्रांमधले अंतर मोजावे. माउंटन बाइकवर ते बहुधा ८० मिमीच्या जवळ असते, पण जुन्या फ्रेमवर ६० मिमीपर्यंत कमी असू शकते, म्हणून ठोकताळ्यावर विसंबू नये. २६ इंची चाक आणि २.१ इंची टायर असेल तर बॉसच्या केंद्रापासून टायरचा माथा साधारण ८० मिमीवर येतो. त्यावर ६ ते ८ मिमी मोकळी जागा धरून कमानीची आतली कड आखावी. पुठ्ठ्याचा साचा कापून बोल्टवर धरावा आणि चाक सावकाश फिरवून पाहावे. चाक थोडे डगमगते असेल तर त्याची सर्वांत वाईट जागा साच्यासमोर आणून तपासावे. त्यानंतर केबल सोडून दोन्ही आर्म पूर्ण उघडावेत आणि केबल पकडणाऱ्या बोल्टचे डोके किंवा वाकडी धातूची नळी साच्याला अडते का ते बघावे, कारण पुठ्ठ्यात दोन मिमी कापणे सोपे असते आणि धातूत तीच चूक भोवते. मागचे सस्पेन्शन असलेल्या फ्रेमवर शॉकमधली हवा सोडून मागचा भाग पूर्ण दाबून पाहावा. पुढच्या सस्पेन्शन फोर्कवरही तसेच करावे, म्हणजे कमान फोर्कच्या वरच्या जोडाला आपटणार नाही याची खात्री होते.

साचा पटला की तो ५ मिमी जाडीच्या ६०६१-टी६ च्या सपाट पत्र्यावर ठेवून अणकुचीदार सुईने आखावा. पट्टी वाकवून कमान करण्याचा प्रयत्न करू नये. टी६ अवस्थेतला हा धातू थंड वाकवला तर बाहेरच्या कडेला चिरा पडतात, आणि तापवला किंवा वेल्डिंग केले तर उष्णतेने त्याची मजबुती जाते. आकार सपाट पत्र्यातूनच कापून काढावा.

बोल्टची भोके सर्वांत आधी पाडावीत, कारण त्यानंतर एखादी चूक झाली तरी आखणी त्यांच्याभोवती हलवता येते. केंद्रावर पंचने खूण करून आधी ३ मिमीचे आणि मग ६ मिमीचे ड्रिल चालवावे. एका बाजूचे भोक ६.१ किंवा ६.२ मिमीचे, बोल्ट अंगाबरोबर जाईल असे ठेवावे आणि दुसऱ्या बाजूचे गोल कानशीने आडवे जेमतेम अर्धा मिमी लांबवावे. दोन्ही भोके लांबट ठेवली तर बसवायला सोपे जाते, पण भार आला की पट्टी बोल्टखाली सरकते आणि बॉस तेवढे फाकून घेतात. मग जो ताठरपणा कागदावर मिळवला तो त्या फटीत जातो. बूस्टर लावूनही काही फरक पडला नाही, अशी तक्रार ऐकली की मी प्रथम ही भोकेच पाहतो.

कमानीचा आतला भाग काढण्यासाठी आखणीच्या आत एकमेकांना लागून बारीक भोकांची ओळ पाडावी, मधले पूल करवतीने तोडावेत आणि बाकी कानशीने उतरवावे. ड्रिलच्या टोकाशी रॉकेलचा एखादा थेंब सोडत राहिले तर ॲल्युमिनियम चिकटत नाही, आणि कानशीच्या दातांना खडू घासून घेतला तर कीस दातांत अडकत नाही. पत्रा शिकंजात घट्ट पकडावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, कारण ते पात्याला अडकून हात ओढला जातो. कमानीच्या आतल्या कोपऱ्यांना टोकदार कोन राहू देऊ नये. मोठी गोलाई द्यावी, कारण चीर सुरू होते ती तिथूनच. हलके करण्याची भोके शेवटी पाडून त्यांच्या दोन्ही कडा मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून बोथट कराव्यात. नंतर सगळ्या कडा आधी २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासाव्यात. चमक आणण्यासाठी हे करायचे नसून, कडेवरचा आडवा ओरखडा हाच पुढे चिरेचा आरंभ ठरतो म्हणून करायचे असते. या घासण्यावर मी प्रत्येक वेळी तासभर घालवतो.

बसवणे

बूस्टर आर्मच्या बाहेर, बोल्टच्या डोक्याखाली बसतो. बोल्ट आधी बूस्टरमधून, मग स्पेसरमधून (अंतर राखणाऱ्या जाड चकतीतून), मग आर्मच्या आतल्या धातूच्या बुशीतून (छोट्या पोकळ नळकांड्यातून) जाऊन बॉसच्या आट्यांत घट्ट होतो. आर्म फिरतो तो या बुशीभोवती, आणि बोल्टने दाबून धरायची असते ती फक्त बुशी. अनेक व्ही-ब्रेकमध्ये मूळ बोल्टचे डोके आर्मच्या तोंडावरच्या खोलगट वाटीत बसलेले असते. तिथे सपाट पट्टी तशीच लावली तर ती आर्मच्या कडेवर टेकते आणि ब्रेक जाम होतो. म्हणून त्या वाटीत मावेल अशा १० ते १२ मिमी बाहेरच्या व्यासाचा स्पेसर घ्यावा, जो फक्त बुशीवर टेकेल आणि आर्मच्या तोंडापासून किमान १ मिमी वर येईल. दोन्ही बाजूंचे स्पेसर अगदी सारख्या जाडीचे असावेत, नाहीतर बोल्ट आवळताना पट्टी पिळली जाते.

बोल्टची लांबी ही या कामातली सर्वांत नाजूक बाब आहे. मूळ बोल्टच्या लांबीत पट्टीची आणि स्पेसरची जाडी मिळवावी: मूळ बोल्ट १८ मिमी असेल, पट्टी ५ आणि स्पेसर ३ मिमी असेल, तर २६ मिमी लागतो आणि बाजारात सहज मिळणारा २५ मिमीचा चालतो. स्पेसर वाटीत खोल बसत असला तरी त्याची पूर्ण जाडीच धरावी, कारण मूळ बोल्टचे डोकेही तिथेच टेकलेले होते. पोलादी बॉसमध्ये किमान ६ मिमी आणि ॲल्युमिनियमच्या बॉसमध्ये किमान ९ मिमी आटे धरले गेले पाहिजेत. बोल्ट आखूड पडला तर आटे उखडतात, आणि फार लांब पडला तर त्याहून फसवी चूक होते. माझ्याकडून ती एकदा झाली आहे. बोल्ट बॉसच्या तळाला टेकला, पाना घट्ट लागला, त्यामुळे मला वाटले की सगळे ठीक आहे. पण बुशीवर दाब आलाच नव्हता. पहिल्या उतारावर ब्रेक दाबला तेव्हा आर्म बॉसवर खुळखुळला आणि लिव्हर पूर्वीपेक्षाही मऊ झाला. तेव्हापासून मी व्हर्निअरच्या मागच्या काडीने बॉसच्या भोकाची खोली मोजल्याशिवाय बोल्ट निवडत नाही. बोल्ट ८.८ या मजबुतीच्या दर्जाचा, ६ मिमी जाडीचा (एम६) पोलादी असावा.

बसवताना प्रथम केबल सोडावी. एका वेळी एकाच बाजूचा आर्म काढावा, बॉस पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि स्प्रिंगची सुई पूर्वी ज्या भोकात होती त्याच भोकात परत घालावी. बॉसवर तीन भोके असली तर बहुधा ती मधल्यात असते. बोल्टच्या आट्यांना मध्यम ताकदीचे आटे-बंद द्रव लावावे. मग पट्टी आणि स्पेसर घालून दोन्ही बोल्ट बोटांनी टेकेपर्यंत फिरवावेत. इथे थांबून पाहावे: पट्टी स्वतःहून भोकांवर बसली पाहिजे. ती बसवण्यासाठी नळ्या आत दाबाव्या किंवा बाहेर ओढाव्या लागत असतील, तर लांबट भोक आणखी थोडे कानसावे. ताणून बसवलेला बूस्टर फ्रेमला कायमचा ओढत राहतो आणि पॅडची जुळवणी बिघडवतो. नीट बसला की डावा, उजवा असे आळीपाळीने थोडे थोडे आवळत दोन्ही बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरवर आणावेत. टॉर्क पाना नसेल तर १० सेंटीमीटर लांब ॲलन की च्या टोकाला सहा किलोच्या ओझ्याइतका जोर दिला की साधारण ६ न्यूटन-मीटर होतात.

आवळून झाल्यावर केबल जोडण्याआधी दोन्ही आर्म हाताने आत-बाहेर फिरवावेत. ते सोडताक्षणी स्प्रिंगने परत उघडले पाहिजेत. एखादा रेंगाळला तर स्पेसर आर्मला घासतो आहे असे समजावे. केबल जोडून पॅडची जुळवणी पुन्हा करावी, कारण बॉस आता फाकत नसल्यामुळे पॅड रिमला वेगळ्या कोनात टेकतात आणि पूर्वी दिलेला तिरकेपणा आता जास्त वाटू शकतो. मग सुरुवातीला केलेले व्हर्निअरचे मोजमाप त्याच पद्धतीने, त्याच व्यक्तीला लिव्हर दाबायला सांगून पुन्हा करावे. दोन्ही आकडे फ्रेमच्या नोंदवहीत शेजारी लिहून ठेवले तर पुढे केव्हातरी ब्रेक मऊ वाटू लागल्यास बूस्टर सैल झाला आहे की केबल जुनी झाली आहे, हे दोन मिनिटांत कळते.

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागी आणि कमी वेगात असावी. पुढेही बूस्टर लावला असेल तर पुढचा ब्रेक आता हाताला लवकर आणि कडक लागतो, त्यामुळे जुन्या सवयीने लिव्हर ओढला तर चाक अचानक अडू शकते. पहिल्या तासाभरानंतर दोन्ही बोल्टचा घट्टपणा तपासावा आणि पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर पट्टी व टायर यांच्यामध्ये घासल्याची खूण आहे का ते पाहावे. पुढे दर वेळी पॅड बदलताना पट्टी स्वच्छ पुसून माथ्याच्या आतल्या कडेवर, आतल्या गोलाईवर आणि हलके करण्याच्या भोकांच्या काठांवर उजेड तिरपा पाडून बारीक काळी रेघ दिसते का ते शोधावे. नखाला अडकणारी रेघ दिसली तर पट्टी लगेच काढून टाकावी, पण तिच्यासोबत आपल्या लांब बोल्टचा उपयोग संपतो हे विसरू नये: स्पेसर आणि पट्टी नसताना तेच बोल्ट बॉसच्या तळाला टेकतील, म्हणून मूळ आखूड बोल्ट हत्यारांच्या डब्यात जपून ठेवलेले असावेत.